तोंड सोडून बाकी तब्येत बरी आहे

आरोग्याच्या सर्वेक्षणात एक प्रश्न जगभर विचारला जातो. "एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?" उत्तराला चार-पाच पर्याय असतात, 'उत्तम'पासून 'वाईट'पर्यंत. रक्त तपासायचे नाही, यंत्र लावायचे नाही. माणूस सांगेल त्यावर खूण करायची. काही ठिकाणी त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही असतो. "तुमच्या दातांची आणि तोंडाची अवस्था कशी आहे?" आपल्या वस्तीत पहिल्या प्रश्नाला "बरी आहे" असे उत्तर मिळते आणि दुसऱ्या प्रश्नाला बाई पदर तोंडाशी नेऊन हसते. "दात कसले आता, निम्मे गेले." निम्मे दात गेले, हिरड्यांतून रक्त येते, एकाच बाजूने चावता येते, आणि तरी तब्येत बरी आहे.

ही विसंगती दिसली की आपल्याकडचे डॉक्टर आणि अधिकारी लगेच एक शब्द काढतात: अज्ञान. या लोकांना मौखिक आरोग्याची जाणीवच नाही. त्यांना ब्रश कसा धरायचा ते शिकवा, शाळेत टूथपेस्टच्या छोट्या ट्यूब वाटा, फोटो काढा, झाला दंत आरोग्य सप्ताह. मला या लेखात या 'अज्ञान' नावाच्या निदानाचाच समाचार घ्यायचा आहे. आपली माणसे तोंडाला तब्येतीत धरत नाहीत हे खरे. पण तोंडाला आरोग्यातून बाहेर काढण्याचे काम त्यांनी केलेले नाही. ते व्यवस्थेने केले, आणि व्यवस्थेने शिकवलेला धडा ते फक्त म्हणून दाखवत आहेत.

आधी हा प्रश्न फालतू नाही हे समजून घेऊ. माणूस स्वतःच्या तब्येतीला काय म्हणतो यावरून पुढच्या काही वर्षांत तो दगावण्याची शक्यता किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७ साली असे २७ अभ्यास एकत्र तपासले. वय, डॉक्टरांनी नोंदवलेले आजार हे सगळे हिशेबात धरूनही जवळजवळ सर्व अभ्यासांत माणसाच्या स्वतःच्या उत्तराचे वजन शिल्लक राहिले. याच बेन्यामिनी यांनी २००४ साली सहकाऱ्यांसोबत अमेरिकेतल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या दातांविषयीचे मत हे एकंदर तब्येतीच्या मताशी, आत्मसन्मानाशी आणि आयुष्याविषयीच्या समाधानाशी स्वतंत्रपणे जोडलेले असते, असे त्यात दिसले. म्हणजे तिथल्या वृद्धाचे तोंड बिघडले की "माझी तब्येत बरी नाही" असे तो म्हणू लागतो. त्याच्या लेखी तोंड हे शरीराचा भाग आहे.

मग आपल्याकडे ही दोन उत्तरे एकमेकांपासून इतकी लांब का?

अमर्त्य सेन यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला होता. केरळात लोक जास्त जगतात, तरीही आजारी असल्याचे जास्त सांगतात. बिहारमध्ये आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही कमी. अमेरिकेत तर आजार सांगण्याचे प्रमाण केरळहून जास्त. नुसत्या लोकांच्या बोलण्यावर गेले तर बिहार सर्वांत निरोगी ठरेल! सेन यांचा मुद्दा सरळ होता. ज्याला शिक्षण मिळाले, दवाखाना मिळाला, त्याला आपले दुखणे दुखणे म्हणून ओळखता येते. ज्याला ते मिळाले नाही तो दुखण्यालाच आयुष्य समजतो.

दातांच्या बाबतीत हे किती खरे आहे याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. बोअरचे ते पाणी पिऊन मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, त्यांवर खड्डे पडतात आणि तेच दात घेऊन ती मोठी होतात. अशा गावातल्या प्रौढाला दातांबद्दल विचारा. तो म्हणेल, "आमच्याकडं समद्यांचेच असे असतात." आई, भाऊ, शेजारी सगळ्यांचे दात तसेच असतील तर कुणाचे दात वाईट म्हणायचे? माणूस तुलना करतो ती आपल्यासारख्यांशी. हेच वयाबाबतही होते. "वय झालं, दात जाणारच" असे चाळिशीतली बाई म्हणते तेव्हा तिच्या वस्तीतले वय तिने बरोबर मोजलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००४-०५ मधील माहितीवरून यूएन विमेनने २०१८ च्या अहवालात आकडा दिला होता: दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे, उच्चजातीय स्त्रीचे ५४.१. ज्या समाजात म्हातारपणच लवकर येते तिथे दातही 'वेळेवर' पडतात.

मराठवाड्यातल्या एका वस्तीत आम्ही काही कार्यकर्ते आरोग्याच्या प्रश्नांवर बोलायला बसलो होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या. एकीचा गाल सुजलेला. ती म्हणाली, दाढ ठणकते, पण "दुखणं नाही काही." मी विचारले, मग हे काय आहे? ती म्हणाली, "दुखणं म्हणजे झोपून ऱ्हाणं." तिच्या शेजारणीने भर घातली की दाढेवर लवंग धरायची, तपकीर दाबायची, नाहीच राहिले तर मेडिकलवाल्याकडून गोळी आणायची. गोळी कोणती, तर "दाढंची."

'दुखणं म्हणजे झोपून राहणं' ही व्याख्या अडाणीपणाची नाही. ती मजुरीच्या हिशेबातून आलेली आहे. ताप आला, कंबर धरली तर कोयता चालत नाही, खाडा पडतो, पैसे कापले जातात. दाढ कितीही ठणकली तरी हात-पाय चालतात. शरीराच्या ज्या भागामुळे मजुरी बुडते तो भाग तब्येतीत मोडतो. तोंडाने ऊस तोडत नाहीत म्हणून ते तब्येतीत मोडत नाही.

आता या बाईने उद्या ठरवले की दाढेचा इलाज करायचाच, तर ती कुठे जाईल? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद सहसा नसते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असला तर असतो, आणि असला तरी खुर्ची चालू नाही, साहित्य संपले आहे, अमुक वारी या, ही उत्तरे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. राहिला खाजगी दवाखाना. तिथे दाढ वाचवायची तर रूट कॅनॉल, वर टोपी, चार-पाच खेपा, आणि प्रत्येक खेपेला मजुरीचा एक दिवस. दाढ काढायची तर एका खेपेत, थोड्या पैशांत काम होते. म्हणून ती म्हणते, "काढूनच टाका." डॉक्टर मनातल्या मनात म्हणतो, बघा, यांना दातांची किंमतच नाही. अहो, तिला किंमत पक्की ठाऊक आहे. दाढेची किती आणि दिवसाची किती, दोन्ही तिने मांडून पाहिल्या आहेत.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले. विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. पाळी, पांढरे पाणी, पोटदुखी यांमुळे खाडा पडू नये म्हणून अवयवच काढून टाकायचा. दाढेचे तर्कशास्त्र तेच आहे, फक्त त्यावर कुणी समिती नेमत नाही. मी गर्भाशय आणि दाढ एका पारड्यात घालत नाही. पण दुरुस्ती ही पैसेवाल्यांसाठी आणि काढून टाकणे हे आपल्यासाठी, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

अज्ञानाच्या सिद्धांताला इतिहासानेही खोटे पाडले आहे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दवाखाना, औषध, चष्मा, दात, सगळे मोफत. त्याआधी तिथल्या कामगारवर्गात दात म्हणजे कटकट असे मानले जाई. पुढचा खर्च नको म्हणून लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देणारी घरे तिथे होती. म्हणजे आपल्या वस्तीसारखेच. पण सेवा मोफत झाल्याबरोबर दंतवैद्यांकडे रांगा लागल्या. कवळ्यांची मागणी इतकी आली की सरकारचे अंदाजपत्रक कोलमडले. हे लोक एका रात्रीत 'जागृत' झाले होते काय? गरज आधीपासून होती, तोंडात होती. ती बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता एवढेच. तीन वर्षांत, १९५१ साली, सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क बसवायचे ठरवले तेव्हा ही सेवा उभारणारे अनायरिन बेवन यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा नेता आपल्याकडे मला तरी आठवत नाही. पुढे काय झाले पाहा. १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ साली इंग्लंडमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. फ्लोराइडची टूथपेस्ट, राहणीमान अशी इतरही कारणे यात आहेत. पण दात वाचवता येतो आणि तो वाचवणे आपल्याला परवडते हे लोकांना कळले, तेव्हाच त्यांचे दातांविषयीचे मतही बदलले.

इथवरचा युक्तिवाद कुठल्याही डाव्या मित्राला मान्य होईल. गरिबी आहे, वर्ग आहे, बरोबर. पण आपल्या देशात तोंडाचा प्रश्न वर्गापाशी थांबत नाही. इथे तोंडाला जात आहे.

पुरुषसूक्तात ब्राह्मण तोंडातून निघतो आणि शूद्र पायातून. शूद्राने द्विजाचे नाव आणि जात उर्मटपणे घेतली तर त्याच्या तोंडात दहा अंगुळे लांबीचा तापलेला खिळा घालावा, अशी शिक्षा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली तर रस्ता बाटेल. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे नोंदवले आहे. महाडचे चवदार तळे हाही ओठांना लागणाऱ्या पाण्याचाच लढा होता. वेगळा कप, वरून ओतलेले पाणी, उष्ट्याचा विटाळ: अस्पृश्यतेचा निम्मा कारभार तोंडाभोवती चालतो.

आता विचार करा. वैद्यकातल्या सगळ्या शाखांमध्ये दंतवैद्य हा असा आहे की ज्याला दुसऱ्याच्या तोंडात बोटे घालावी लागतात, थुंकी-रक्तात हात बुडवावे लागतात. ज्या समाजात नाडीसुद्धा अंतर राखून बघितली जाते तिथे तोंड कोण उघडून बघणार? संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानमधल्या दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध देताना, तपासणी करताना स्पर्श टाळला जातो हे त्यात ठळकपणे आले आहे. हातमोजे घातले म्हणून डॉक्टरच्या चेहऱ्यावरची किळस झाकत नाही. "केवढी घाण करून ठेवलीय," हे वाक्य खुर्चीत आडवे पडून, तोंड उघडे असताना, उत्तर देता येत नाही अशा अवस्थेत ऐकावे लागते. ज्याने ते एकदा ऐकले तो पुन्हा जात नाही. आणि कुणी विचारले की दात कसे आहेत, तर तो म्हणतो, ठीक आहेत. हे उत्तर दातांविषयी काही सांगत नाही. ते अब्रू राखायला दिलेले असते.

तोंड शरीरापासून वेगळे नाही हे विज्ञान मात्र केव्हाच सांगून बसले आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्यांमध्ये जुनाट संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही. हृदयाच्या झडपा आधीच खराब असलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू रक्तात गेले तर झडपेला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. दात नसले की भाकरी, शेंगदाणे, गाजर, हरभरे सुटतात. माणूस चहात पाव बुडवून दिवस काढतो, रक्त कमी होते, अशक्तपणा येतो. मग तीच बाई "तब्येत" दाखवायला जाते, तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि तिच्या तोंडात कुणी डोकावत नाही. बाबासाहेबांनी स्वतः मधुमेहाने अनेक वर्षे यातना भोगल्या. आज आपल्या वस्त्यांत मधुमेह घरोघरी पोचला आहे. साखरेच्या गोळ्या देताना "आ करा" म्हणणारा डॉक्टर मी क्वचितच पाहिला.

ही फाळणी शिक्षणापासून सुरू होते. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे वेगळे कॉलेज निघाले आणि तेव्हापासून तोंड एका डॉक्टरकडे, बाकी शरीर दुसऱ्याकडे अशी वाटणी रूढ झाली. विम्यानेही तीच रेघ ओढली. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आले त्यात नेहमीचे दंतोपचार वगळले होते. या रेघेची किंमत कुणी मोजली? २००७ साली वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्यात डेमॉन्टे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गेला. दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. त्याची तक्रार डोकेदुखीची होती, दाताची नव्हती. दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या राजधानीशेजारी ही गोष्ट घडली. त्याआधी सात वर्षे, २००० साली, त्या देशाचे सर्जन जनरल डेव्हिड सॅचर यांनी तोंड निरोगी असल्याशिवाय माणूस निरोगी म्हणता येत नाही असे अहवालात बजावले होते. सॅचर स्वतः कृष्णवर्णीय होते, आणि त्या अहवालात गरिबांच्या व अल्पसंख्याकांच्या तोंडातल्या या आजारांना त्यांनी मूक साथ म्हटले होते.

आपल्याकडे काय आहे? केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून पाच लाखांचे कवच देते. राज्याच्या योजनेला तर महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. दोन्हींचा भर दवाखान्यात भरती होण्यावर आहे. दात भरणे, हिरड्या साफ करणे, कवळी यांसाठी कुणी भरती होत नाही, म्हणून ही रोजची गरज योजनेबाहेर राहते. जबड्याचा कॅन्सर झाला की शस्त्रक्रिया योजनेत बसते. तो गालाच्या आत पांढरा चट्टा होता तेव्हा बघायला मात्र कुणी नसते. आरोग्य उपकेंद्रांच्या बारा सेवांच्या यादीत मौखिक आरोग्य कागदावर आहे. तिशीपुढच्या सर्वांची मुखकर्करोगासाठी तपासणीही कागदावर आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के लोकांचे तोंड कधीतरी या कारणासाठी तपासले गेले होते. शंभरातल्या नव्व्याण्णवांना "आ करा" असे कुणी म्हटलेच नाही, आणि अज्ञानी कोण, तर ते नव्व्याण्णव.

इथे एक आक्षेप हमखास येतो: तंबाखू तुम्हीच खाता ना? खातो. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. ओढणारे ४ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचे संकट जवळजवळ सगळे तोंडातच आहे. बायका मशेरीने दात घासतात आणि तिला दातांचे औषध समजतात. पण गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या तोंडात पुडी का असते, हे विचारायला नको? वास सहन व्हावा म्हणून. ऊसतोडीच्या फडात भूक मरावी म्हणून. वीटभट्टीवर झोप उडावी म्हणून. हाताने मैला उचलण्यावर बंदीचा कायदा २०१३ साली आला, गुटखाबंदी २०१२ साली आली. गटारही चालू आहे, पुडीही चालू आहे. तरीसुद्धा मी चळवळीला यातून सोडणार नाही. दारूबंदीवर आपण मोर्चे काढले. तंबाखूवर आपल्या सभांमध्ये बोलणारा वक्ता स्वतःच व्यासपीठामागे चुना मळताना दिसतो. हे बदलले पाहिजे, आणि ते सरकारच्या मागे लागण्याइतकेच आपले काम आहे.

तेव्हा मागण्या ठरवू. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य, चालू खुर्ची आणि साहित्य. प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान आठवड्याचे ठरलेले दिवस. फुल्यांच्या नावाच्या योजनेत दात भरणे, हिरड्यांचा उपचार आणि कवळी यांचा भरती न होता समावेश. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तोंड तपासल्याची नोंद. आणि सर्वेक्षणांत तब्येतीचा व तोंडाचा असे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी विचारून त्यांची उत्तरे जातवार प्रसिद्ध करावीत. दोन उत्तरांतले अंतर कुठल्या जातीत किती आहे ते एकदा छापून येऊ द्या; मग अज्ञानाची भाषा कोण कोणाला ऐकवतो ते बघू.

सरकारची वाट न बघता एक गोष्ट आपल्याला लगेच करता येईल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपल्या संघटना आरोग्य शिबिरे लावतात. रक्तदाब मोजतात, साखर तपासतात. या वर्षी त्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल, एक बॅटरी, तोंडात धरायचा छोटा आरसा आणि आपल्यातलेच दोन दंतवैद्य बसवा. दंतवैद्यक शिकलेली आपली मुले-मुली आता थोडी नाहीत, त्यांना हाक मारा. आधी दोन्ही प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. मग तोंड तपासा आणि जे दिसले ते त्याच कागदावर खाली लिहा. ज्याच्या गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, ज्याचे तोंड पुरते उघडत नसेल, त्याचा फोन नंबर घेऊन त्याला जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयापर्यंत पोचवण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याच्या नावावर टाका. शिबिर संपल्यावर ते सगळे कागद एकत्र करून जिल्हा शल्यचिकित्सकाच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि पोच घ्या.